डॅशकॅमची जोडणी आणि उभ्या गाडीच्या बॅटरीचा हिशेब

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका सोसायटीच्या आच्छादित पार्किंगमध्ये उभी राहणारी छोटी पेट्रोल गाडी आहे. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, तीन वर्षांची. गाडीत पुढे आणि मागे असा दोन कॅमेऱ्यांचा डॅशकॅम, म्हणजे रस्त्याचे चित्रण करणारा कॅमेरा, बसवला आहे. घरून काम असल्यामुळे गाडी प्रामुख्याने शनिवारी आणि रविवारी बाहेर पडते. कॅमेरा बसवणाऱ्याने तो चोवीस तास चालू राहील अशा रीतीने जोडून दिला आणि त्यानंतर दोन वेळा बुधवारी सकाळी सेल्फ लागला नाही. आता बॅटरी बदलावी, कॅमेरा काढून टाकावा की जोडणी बदलावी?

बॅटरी लगेच बदलू नये आणि कॅमेराही काढू नये. जोडणी मात्र बदलावीच लागेल. पण कोणत्या जोडणीने काम होईल हे ठरवण्याआधी गाडी उभी असताना बॅटरीतून किती वीज जाते आणि गाडी चालताना किती परत येते, हे एकदा कागदावर मांडावे लागते. बाजारात मिळणारे किट, केबल आणि कट-ऑफ (व्होल्टेज घसरले की कॅमेरा तोडणारी सोय) हे सगळे त्या आकड्यांच्या नंतर येते. आकडे न मांडता महाग किट बसवून घेतलेले आणि तरीही महिन्याभरात जंप स्टार्टसाठी शेजाऱ्याकडे जाणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

दोन कॅमेऱ्यांचा डॅशकॅम साधारणतः पाच व्होल्टवर एक अँपिअरच्या आसपास, म्हणजे सुमारे पाच वॅट वीज घेतो. बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करताना काही वीज वाया जाते, म्हणून प्रत्यक्ष बॅटरीतून पावणेसहा ते सहा वॅट जातात, अर्थात सुमारे अर्धा अँपिअर. तुमच्या कॅमेऱ्याचा नेमका आकडा हवा असेल तर दोन-चारशे रुपयांत मिळणारा यूएसबी मीटर कॅमेरा आणि चार्जर यांच्यामध्ये लावून पाहावा. वेष्टनावर छापलेला आकडा हा बहुधा चार्जरची क्षमता असते, कॅमेऱ्याची भूक नव्हे. अर्धा अँपिअर हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु चोवीस तासांत त्याचे साडेअकरा ते बारा अँपिअर-तास होतात. गाडीचे स्वतःचे घड्याळ, सेंट्रल लॉक आणि संगणकीय मॉड्यूल यांची भूक धडधाकट गाडीत २० ते ५० मिलिअँपिअर असते, म्हणजे दिवसाला अर्धा ते सव्वा अँपिअर-तास. दोन्ही मिळून दिवसाचा खर्च बारा अँपिअर-तासांच्या आसपास धरावा.

आता बॅटरीची बाजू पाहू. ३५ हा आकडा नव्या बॅटरीचा आहे. आपल्याकडच्या उन्हात आणि छोट्या छोट्या फेऱ्यांत तीन वर्षे काढलेल्या बॅटरीत २५ अँपिअर-तास शिल्लक असतील तर ती बरी म्हणायची. शिवाय रविवारी रात्री गाडी लावताना ती काठोकाठ भरलेली नसते. शहरातल्या फिरण्याने ती ऐंशी टक्क्यांपर्यंत आली असे धरले तर हाताशी २० अँपिअर-तास उरतात. रविवारी रात्री नऊ वाजल्यापासून अर्ध्या अँपिअरने ते वापरायला सुरुवात केली की मंगळवारी दुपारपर्यंत बॅटरी पूर्ण रिकामी होते, आणि सेल्फ फिरवण्याची ताकद तर त्याच्या पुष्कळच आधी, सोमवारी रात्री किंवा मंगळवारी सकाळीच गेलेली असते. तेव्हा बुधवारी गाडी सुरू न होणे हा बॅटरीचा दोष नव्हता. नवी बॅटरी टाकली असती तर तीही त्याच आठवड्यात, फार तर एक दिवस उशिरा उतरली असती.

येथे बॅटरीचा प्रकार समजून घेणे आवश्यक आहे, कारण इन्व्हर्टरच्या बॅटरीचे नियम लोक गाडीच्या बॅटरीला लावतात. गाडीची शिसे-आम्ल बॅटरी काही सेकंदांसाठी शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह देऊन इंजिन फिरवण्यासाठी बनवलेली असते. तिच्यातील पत्रे पातळ आणि अधिक संख्येने असतात. हळूहळू खोलवर रिकामी होण्यासाठी ती बनवलेलीच नाही. अर्ध्याच्या खाली वारंवार नेली, आणि विशेषतः त्या अवस्थेत दोन-तीन दिवस तशीच ठेवली, तर पत्र्यांवर शिसे-सल्फेटचे कडक थर बसतात आणि गेलेली क्षमता पुरती परत येत नाही. म्हणून कॅमेऱ्यासाठी खर्च करता येण्याजोगी वीज मोजताना एकूण क्षमता न धरता वरचा अर्धा भागच धरावा, आणि बॅटरी जुनी असेल तर त्यातही हात आखडता घ्यावा.

बॅटरीत किती शिल्लक आहे याचा अंदाज व्होल्टेजवरून येतो, मात्र गाडी बंद करून काही तास उलटल्यावरच. नेहमीच्या शिसे-आम्ल बॅटरीत विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव आणि ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी, असे ढोबळ कोष्टक सांगता येते. गाडी नुकतीच बंद केली असेल तर १२.९ किंवा १३ व्होल्टही दिसतात. तो वरवरचा प्रभार असतो, त्याच्यावर विसंबू नये. हे कोष्टक लक्षात ठेवावे, कारण कट-ऑफ किटची निवड पूर्णपणे त्यावर अवलंबून आहे.

वीज परत येण्याची बाजू बहुतेकांच्या हिशेबात चुकते. इंजिन चालू झाले की आल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारे वीजनिर्मितीचे यंत्र, १३.८ ते १४.४ व्होल्टने बॅटरी भरू लागतो हे खरे, परंतु शिसे-आम्ल बॅटरी सुरुवातीला जितक्या वेगाने वीज घेते तितक्या वेगाने शेवटी घेत नाही. अर्ध्यापासून ऐंशी टक्क्यांपर्यंतचा टप्पा तासा-दीड तासाच्या सलग प्रवासात पार पडू शकतो. ऐंशीपासून शंभरपर्यंत जायला मात्र कित्येक तास लागतात. शहराच्या गर्दीत वीस मिनिटे रांगत जाणे, त्यात एसी आणि दिवे चालू, इंजिन निम्मा वेळ मंद गतीवर, अशा फेरीत बॅटरीला मिळणारी वीज कधीकधी सेल्फने घेतलेली वीज आणि थोडे वर एवढीच असते. पुण्याहून साताऱ्याला जाऊन येणारी गाडी आणि कोथरूडमधून डेक्कनला जाऊन येणारी गाडी यांना एकच जोडणी सुचवणे म्हणूनच चुकीचे ठरते.

यानंतरचा प्रश्न किटचा नसून गरजेचा आहे: गाडी उभी असताना चित्रण खरोखर हवे आहे का? रस्त्यावरच्या अपघातात पुरावा हाती असावा एवढाच हेतू असेल, तर कॅमेरा फक्त चावी फिरवल्यावर चालू व्हावा आणि चावी काढल्यावर बंद व्हावा, एवढी जोडणी पुरते. या जोडणीत कॅमेऱ्यामुळे उभ्या गाडीची बॅटरी उतरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पहारेकरी आणि सीसीटीव्ही असलेल्या पार्किंगमध्ये गाडी उभी असेल, तर माझा सल्ला बहुधा हाच असतो. रस्त्याच्या कडेला रात्रभर गाडी उभी करावी लागणाऱ्यांची, किंवा एकदा कोणीतरी बंपर घासून निघून गेल्याचा अनुभव आलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांची गरज खरी आहे आणि तिच्यासाठी पुढची खटपट करण्यासारखी आहे.

चावीबरोबर चालू-बंद होणारी सर्वांत सोपी जोडणी म्हणजे डॅशबोर्डवरील बारा व्होल्टचे सॉकेट. मात्र प्रत्येक गाडीत ते चावीबरोबर बंद होतेच असे नाही. काही गाड्यांत ते सतत जिवंत असते, आणि दोन सॉकेट असलेल्या काही गाड्यांत एक बंद होते आणि दुसरे होत नाही. दिवा असलेला चार्जर सॉकेटमध्ये ठेवून, गाडी बंद करून, दारे लॉक करून अर्ध्या तासाने काचेतून पाहावे. लगेच पाहून निष्कर्ष काढू नये, कारण बटण-स्टार्टच्या गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही दार उघडेपर्यंत किंवा काही मिनिटांपर्यंत हा पुरवठा चालू राहू शकतो. म्युझिक सिस्टिमच्या यूएसबी पोर्टमधून कॅमेरा चालवण्याचा मोह टाळावा: त्यातील बरेचसे पोर्ट अर्धा ते एक अँपिअरच देतात, दोन कॅमेऱ्यांना ते अपुरे पडते, आणि काही कॅमेरे अशा पोर्टला जोडले की स्वतःला पेन ड्राइव्ह समजून चित्रणच सुरू करत नाहीत. कॅमेऱ्यासोबत आलेला चार्जर शक्यतो वापरावा. सिग्नलवर मिळणाऱ्या स्वस्त चार्जरच्या विद्युत गोंगाटामुळे एफएम रेडिओ खरखरू लागतो आणि कॅमेऱ्याचे जीपीएसही अडखळते.

आता उभ्या गाडीतील चित्रणाकडे वळू. त्यासाठी तीन तारांचे हार्डवायर किट लागते. एक तार सतत जिवंत असलेल्या पुरवठ्याला, दुसरी चावीबरोबर चालू होणाऱ्या पुरवठ्याला आणि तिसरी गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे अर्थला जोडायची असते. चावीची तार कॅमेऱ्याला केवळ कळवते की गाडी चालू आहे की उभी. वीज मुख्यतः पहिल्या तारेतून येते. अनेक किटमध्ये सततची तार पिवळी, चावीची लाल आणि अर्थची काळी असते, पण पिवळी आणि लाल यांची अदलाबदल असलेले किटही सर्रास मिळतात. म्हणून रंगावर न जाता तारेवरची चिठ्ठी वाचावी. त्याचप्रमाणे किट त्याच कॅमेऱ्यासाठी बनवलेले असावे. सर्वसाधारण किट नुसते पाच व्होल्ट पुरवते. चावी बंद झाल्याची खूण ते कॅमेऱ्यापर्यंत पोहोचवत नाही, आणि मग कॅमेरा रात्रभर पूर्ण वेगाने, पूर्ण वीज घेत चित्रण करत राहतो. आणखी एक इशारा: कॅमेऱ्याची यूएसबी केबल कापून ती थेट बारा व्होल्टला जोडण्याचा उद्योग काही ठिकाणी होतो. पाच व्होल्टचा कॅमेरा त्यात क्षणात जळतो.

किटमध्ये व्होल्टेज एका मर्यादेखाली गेले की कॅमेरा तोडणारा कट-ऑफ असतो. ती मर्यादा बहुधा ११.६, ११.८, १२.० आणि १२.२ अशा टप्प्यांत निवडता येते. येथेच सर्वाधिक फसगत होते. खोक्यावर ‘बॅटरी संरक्षण’ असे लिहिलेले असते आणि बसवणारा ती ११.६ किंवा ११.८ वर तशीच सोडून देतो. वरचे कोष्टक पाहिले तर कळेल की ११.८ व्होल्टला बॅटरीत संरक्षण करण्याजोगे काही उरलेलेच नसते. अर्धा अँपिअर एवढ्या हलक्या भारामुळे व्होल्टेज फारसे खाली ओढलेही जात नाही, त्यामुळे किटला दिसणारा आकडा हा बॅटरीच्या खऱ्या अवस्थेच्या जवळचाच असतो. आपल्याकडच्या छोट्या बॅटऱ्यांसाठी मी १२.२ च्या खाली जाण्याचा सल्ला देत नाही. बॅटरी नवी, मोठी आणि गाडी रोज तासभर चालणारी असेल तर १२.० चालेल. किटमध्ये किंवा कॅमेऱ्यात वेळेची मर्यादा असेल तर तीही लावावी, कारण जुन्या बॅटरीत व्होल्टेज बराच वेळ टिकल्यासारखे दिसते आणि मग एकदम घसरते.

१२.२ ची मर्यादा लावून तुमच्या गाडीचा हिशेब पुन्हा करू. बॅटरी ऐंशी टक्क्यांवरून पन्नासवर येईपर्यंत कॅमेऱ्याला वापरू द्यायची. २५ अँपिअर-तासांचे तीस टक्के म्हणजे साडेसात अँपिअर-तास. अर्ध्या अँपिअरने ते पंधरा तासांत संपतात. म्हणजे रविवारी रात्री नऊला लावलेल्या गाडीतील कॅमेरा सोमवारी दुपारी बारापर्यंत चालेल आणि पुढचे पाच दिवस बंद राहील. किट निर्दोष, जोडणी निर्दोष, बॅटरीही सुरक्षित; पण ज्यासाठी एवढे केले ते चित्रण आठवडाभर नाही. शिवाय त्या पाच दिवसांत गाडीची स्वतःची भूक बॅटरीला आणखी खाली नेत राहते, तेव्हा शनिवारी सेल्फ लागेल, पण पूर्वीच्या जोमाने नव्हे.

यावर पहिला उपाय असा की उभ्या गाडीतील चित्रणाचा प्रकार बदलावा. कॅमेऱ्यांत साधारण तीन प्रकार असतात आणि त्यांच्या विजेच्या भुकेविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. हालचाल दिसली तरच चित्रण, या प्रकारात वीज वाचते असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात हालचाल ओळखण्यासाठी कॅमेऱ्याला सतत पाहत राहावे लागते. संवेदक आणि प्रोसेसर दोन्ही जागे असतात आणि वीज जवळजवळ तितकीच जाते, वाचते ती मेमरी कार्डावरची जागा. सेकंदाला एखादी चौकट टिपणाऱ्या टाइम-लॅप्समध्ये खर्च थोडा उतरतो, पण निम्माही क्वचितच होतो. खरा फरक पडतो तो तिसऱ्या प्रकारात, ज्यात कॅमेरा झोपलेला असतो, फक्त धक्का ओळखणारा संवेदक जागा असतो, आणि धक्का बसल्यावर काही क्षणांत कॅमेरा जागा होऊन चित्रण करतो. या अवस्थेत भूक काही मिलिअँपिअर ते काही दहा मिलिअँपिअर इतकीच असते. कॅमेरा आणि किट मिळून २० मिलिअँपिअर आणि गाडीचे ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला सव्वा अँपिअर-तासाहून कमी, आणि सहा दिवसांत सात ते साडेसात अँपिअर-तास जातात. तुमच्या साडेसात अँपिअर-तासांच्या मर्यादेत हे जेमतेम बसते. यात उणेपण एकच: धक्का बसण्याआधीचे क्षण टिपले जात नाहीत, आणि जागे व्हायला लागणाऱ्या वेळात धडक देणारा थोडा पुढे गेलेला असू शकतो. दोन कॅमेऱ्यांत मागून किंवा पुढून त्याचा नंबर मिळण्याची शक्यता तरीही चांगली असते.

दुसरा उपाय अधिक सोपा आहे, पण तो पार्किंगमध्ये विजेचा प्लग असणाऱ्यांनाच लागू पडतो. २३० व्होल्टवर चालणारा, बॅटरी भरल्यावर आपोआप सुमारे साडेतेरा व्होल्टवर उतरून तिथेच थांबणारा छोटा चार्जर आठवड्यातून एक रात्र लावला, तर आठवड्याच्या शेवटीच चालणाऱ्या गाडीच्या बॅटरीचे आयुष्यही वाढते. सोसायटीच्या सामायिक मीटरवर तो लावायचा असेल तर आधी व्यवस्थापन समितीची परवानगी घ्यावी. विजेचा खर्च नगण्य असला तरी त्यावरून होणारे वाद नगण्य नसतात. डॅशबोर्डवर ठेवायचे छोटे सौर पॅनेल आच्छादित पार्किंगमध्ये निरुपयोगी आहे आणि उघड्यावरही काचेच्या आतून ते छापील क्षमतेच्या जवळपास जात नाही.

तिसरा उपाय म्हणजे डॅशकॅमसाठीच बनवलेली स्वतंत्र लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. गाडी चालताना ती भरते, गाडी उभी असताना कॅमेरा केवळ तिच्यावर चालतो आणि मूळ बॅटरीला हात लागत नाही. जाड तारांनी जोडल्यास ती तासाभरात भरू शकते. सॉकेटमधून भरायला जास्त वेळ लागतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीसाठी ही व्यवस्था उत्तम आहे, पण तिची किंमत अनेकदा कॅमेऱ्याहून अधिक असते, आणि आठवड्यातून दोन दिवस चालणाऱ्या गाडीत ती सोमवारी किंवा मंगळवारी रिकामी होऊन बसेल. तुमच्यासाठी मी ती सुचवणार नाही. मोबाइलची पॉवर बँक कायमची गाडीत ठेवून तिच्यावर कॅमेरा चालवणे मात्र कोणीही करू नये. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीत काचेजवळ ६० अंशांच्या वर तापमान जाते. साध्या लिथियम-आयन बॅटऱ्या सर्वसाधारणपणे ६० अंशांपर्यंत वापरण्यासाठी आणि ४५ अंशांपर्यंत भरण्यासाठी बनवलेल्या असतात. याच कारणाने कॅमेऱ्याच्या आतही लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा घ्यावा. तो वीज गेल्यावर शेवटची फाइल जपून बंद होण्यापुरती काही सेकंदांचीच ताकद देतो, पण उन्हात फुगत नाही.

ओबीडी पोर्टमधून, म्हणजे सर्व्हिस सेंटर गाडीतील बिघाड वाचायला वापरते त्या पोर्टमधून, वीज घेणाऱ्या केबल अलीकडे लोकप्रिय झाल्या आहेत. त्या पोर्टचा सोळावा पिन सतत जिवंत असतो, त्यामुळे फ्यूज बॉक्स न उघडता जोडणी होते, एवढे त्यांचे आकर्षण आहे. परंतु सर्व्हिस सेंटरला तो पोर्ट दर वेळी मोकळा करून द्यावा लागतो, ड्रायव्हरच्या पायाशी केबल लोंबकळते, आणि कट-ऑफ नसलेली केबल घेतली तर मूळ दुखणे कायमच राहते. भाड्याची गाडी किंवा फ्यूज बॉक्सला हात लावायचा नाही असा निश्चय असेल तरच हा मार्ग धरावा.

फ्यूज बॉक्समधील काम स्वतः करणार असाल किंवा करवून घेणार असाल, तर पुढील बाबतींत तडजोड करू नये. मूळ वायरिंग कापून, सोलून, त्यावर जोड मारून टेप गुंडाळू देऊ नये. असा जोड काही पावसाळ्यांनी सैल होतो, गरम होतो, आणि वॉरंटीच्या वेळी नाकारण्यास आयते कारण मिळते. त्याऐवजी फ्यूज टॅप, म्हणजे मूळ फ्यूजच्या जागी बसून नवी तार काढून देणारा जोड, वापरावा. तो गाडीतील फ्यूजच्या आकाराचाच घ्यावा, कारण मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो हे आकार दिसायला जवळचे असले तरी एकमेकांच्या जागी नीट बसत नाहीत. एअरबॅग, एबीएस, इंजिनाचा संगणक, इंधन पंप आणि ब्रेकचे दिवे यांच्या फ्यूजला हात लावू नये. चावीच्या तारेसाठी सॉकेट किंवा म्युझिक सिस्टिमचा फ्यूज योग्य ठरतो. सततच्या तारेसाठी हझार्ड दिवे किंवा सेंट्रल लॉकचा फ्यूज पाहावा. आतल्या दिव्याचा फ्यूज सोयीचा वाटतो, पण बऱ्याच नव्या गाड्यांत तो पुरवठा बॅटरी वाचवण्यासाठी काही मिनिटांनी आपोआप तोडला जातो, आणि मग ‘कॅमेरा रात्री बंद पडतो’ अशी तक्रार येते. म्हणून फ्यूज निवडण्याआधी गाडी लॉक करून अर्ध्या तासाने मल्टिमीटरने तेथे बारा व्होल्ट आहेत का ते तपासावे.

फ्यूज टॅप उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही. टॅपमध्ये दोन फ्यूज असतात, एक मूळ सर्किटचा आणि एक नव्या तारेचा; बरोबर बसवल्यास दोन्हींना वीज स्वतंत्रपणे मिळते, उलटा बसवल्यास कॅमेऱ्याची वीज मूळ फ्यूजमधून जाऊन मग नव्या फ्यूजमध्ये येते आणि मूळ फ्यूजवर दोघांचा भार पडतो. तपासणी सोपी आहे. टॅप बसवून त्यातील मूळ फ्यूज काढावा. नव्या तारेला तरीही बारा व्होल्ट मिळत असतील तर दिशा बरोबर आहे, नसतील तर टॅप फिरवून बसवावा. नव्या तारेचा फ्यूज दोन किंवा तीन अँपिअरचा असावा, फार तर पाचचा. हाताशी आहे म्हणून दहाचा लावू नये. फ्यूजचे काम तार वाचवणे हे आहे, आणि किटची तार बारीक असते.

अर्थची तार सांगाड्याच्या उघड्या धातूला टेकणाऱ्या बोल्टखाली घट्ट बसवावी. प्लास्टिकच्या पट्टीत बसलेला किंवा रंगाच्या थरावर टेकलेला बोल्ट दिसायला धातूचा असला तरी अर्थ नसतो. बॅटरीचे धन टोक आणि तो बोल्ट यांच्यामधील व्होल्टेज मोजले की कळते. ही तार थेट बॅटरीच्या ऋण टोकावर आणून लावू नये. ज्या गाड्यांत ऋण टोकावर बॅटरी सेन्सर असतो, तेथे टोकालाच लावलेल्या तारेतून जाणारी वीज सेन्सरच्या मोजणीबाहेर राहते आणि गाडीच्या संगणकाला बॅटरी प्रत्यक्षापेक्षा अधिक भरलेली वाटू लागते. आयडल स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी सोय) असलेल्या गाड्यांत ही बाब विशेष जपावी. काचेच्या बाजूच्या खांबातून केबल नेताना त्या खांबात कर्टन एअरबॅग आहे का ते पाहावे. असल्यास केबल तिच्या मागून न्यावी, पुढून कदापि नाही, आणि हे काम जमणार नसेल तर ते जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनवर सोपवावे.

इतर वाहनांविषयी थोडेसे. इलेक्ट्रिक गाडीत मोठी बॅटरी असते म्हणून कॅमेऱ्याची चिंता नाही, असे समजू नये. कॅमेरा तेथेही बारा व्होल्टच्या छोट्या सहायक बॅटरीवरच चालतो, आणि ती उतरली तर मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. काही गाड्या उभ्या असतानाही मुख्य बॅटरीतून सहायक बॅटरी अधूनमधून भरून घेतात, काही घेत नाहीत. म्हणून गाडीची पुस्तिका वाचूनच उभ्या गाडीतील चित्रण लावावे. ट्रक आणि बस यांची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते. त्यांच्यासाठी २४ व्होल्टला चालणारेच किट हवे आणि वरचे बॅटरीच्या व्होल्टेजचे आकडे दुप्पट करून वाचावेत.

तुमच्या गाडीत आज काय करावे, ते क्रमाने सांगतो. प्रथम कॅमेऱ्याची सध्याची जोडणी काढून बॅटरी बॅटरीवाल्याकडे सावकाश, तीन-चार अँपिअरने, दहा-बारा तास भरून घ्यावी. नुसती जंप देऊन गाडी फिरवली तर खोलवर उतरलेली बॅटरी पूर्ण भरत नाही, आणि अर्धवट भरलेल्या बॅटरीची चाचणीही फसवी येते. भरल्यावर ती रात्रभर तशीच ठेवून सकाळी व्होल्टेज मोजावे: १२.५ किंवा अधिक असेल आणि टेस्टरवर सेल्फची ताकद ठीक दिसत असेल तर तीच बॅटरी पुढे चालवावी. १२.३ च्या खाली आली असेल तर मात्र दोन वेळच्या उतरण्याने तिची हानी झाली आहे, आणि तेव्हा नवी घ्यावी. इंजिन चालू करून दिवे लावून आल्टरनेटर १३.८ च्या वर देतो की नाही तेही पाहून घ्यावे.

त्यानंतर कॅमेरा नसताना गाडीची स्वतःची भूक मोजावी. ऋण टोकाची तार सोडून मल्टिमीटर दहा अँपिअरच्या टप्प्यावर मध्ये जोडावा, गाडी लॉक करावी, आणि अर्धा-पाऊण तास वाट पाहावी, कारण आतील मॉड्यूल झोपी जायला तेवढा वेळ घेतात. या काळात चुकूनही सेल्फ मारू नये, मीटरचा फ्यूज उडतो. आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली स्थिरावला तर गाडी निर्दोष आहे. तो शंभर-दोनशेवर अडून बसला तर रिव्हर्स कॅमेरा, बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, जीपीएस ट्रॅकर अशा जादा वस्तूंकडे पाहावे. अशा वेळी डॅशकॅमला विनाकारण दोष दिला जात असतो.

या दोन्ही चाचण्या ठीक निघाल्या तर तुमच्याच कॅमेऱ्याचे तीन तारांचे किट फ्यूज टॅपने बसवावे, कट-ऑफ १२.२ वर ठेवावा आणि उभ्या गाडीसाठी केवळ धक्क्यावर जागा होणारा प्रकार निवडावा. कॅमेऱ्यात तो प्रकारच नसेल तर सततची तार जोडूच नये. कॅमेरा सॉकेटवर चालवावा. पहिल्या आठवड्यात सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी, बॉनेट उघडून, गाडी सुरू करण्याआधी बॅटरीवरचे व्होल्टेज लिहून ठेवावे. शुक्रवारी ते १२.३ च्या आसपास असेल तर व्यवस्था जमली. १२.२ किंवा त्याखाली असेल तर आठवड्याच्या मध्ये एकदा तासभराची सलग फेरी, शक्यतो गर्दी नसलेल्या रस्त्यावर, किंवा एक रात्र चार्जर, यांपैकी एक ठरवून घ्यावे. दोन्ही जमण्यासारखे नसेल तर सततच्या तारेचा फ्यूज काढून ठेवावा आणि लांबच्या मुक्कामी गाडी रस्त्यावर उभी करण्याची वेळ येईल तेव्हाच तो परत बसवावा.